फुलावरचा सौदा

११ मार्च १९७४, सोमवार

संध्याकाळी साडेपाच. आठवीच्या वह्या तपासत होते. अंगणात धप्प आवाज. बाहेर आले तर हे नळाजवळ पालथे पडलेले, पाठीवर एकाचा गुडघा. दुसरा ह्यांची सायकल उचलून भिंतीवर आपटत होता.

"मास्तरीणबाई, आत जा तुमी. हा आमच्यातला मामला हाय."

माझ्या अंगणात तुमच्यातले काही नसते, म्हटले. कपडे वाळत घालायची काठी हाताशी होती. गुडघेवाल्याच्या पाठीत दोन घातल्या. तो उठला आणि हसला. "पाह्य ना गा गुणवंता, वसंतरावची बाई त्याच्याहून मर्द हाय."

गुणवंता म्हणजे सायकल आपटणारा. जाताना ह्यांना म्हणाला, "रविवारपावतो. नाई तं सही करायचा हात मोडून नेतो."

ह्यांचा पुढचा दात गेला. कोण होते, विचारले. "ऑफिसातलं जुनं लफडं. तू लक्ष घालू नको."

तीस वर्षे आवक-जावक टेबलावर बसलेल्या माणसाचे ऑफिसात लफडे कसले?

१२ मार्च

शाळेतून दुपारीच आले. कपाट उघडले. सगळे जागेवर. भिशीचा डबासुद्धा जागेवर. तरी उघडला.

वर दहाच्या दोन नोटा. खाली वर्तमानपत्राचे तुकडे, नोटांच्या मापाचे. पट्टी लावून कापलेले. एकही तिरपा नाही.

आम्ही शाळेतल्या नऊ जणी वर्षभर माझ्याकडे टाकतो, पाडव्याला वाटून घेतो. यंदा सगळ्यांनी मिळून ठरवले होते, अकराशे रुपये आधी सुभद्रेला द्यायचे. शाळेची घंटा देणारी सुभद्रा. पोटात गाठ आहे. धंतोलीच्या डॉक्टरांनी ऑपरेशनला पंचवीस तारीख दिली आहे. आणि मी चार दिवसांपूर्वी तिला म्हटले होते, "काळजी कशाला? माझ्या कपाटात आहेत."

रात्री हे जेवायला बसले होते. ताट उडवले. लाटणे घेतले. खांद्यावर, दंडावर, परत खांद्यावर. चौथ्यांदा उगारले तेव्हा त्यांनी हात आडवा धरला नाही. मान खाली घातली, छडी खाणाऱ्या मुलीसारखी. त्यानेच तो फटका जास्त जोरात बसला.

मग बोलले. काटोलकडचा संत्र्याचा बगीचा. चारशे झाडे. आंबिया बहार, म्हणजे माघ-फाल्गुनातला मोहोर, गुणवंताच्या भागीदारीत घेतला. निम्मे पैसे ह्यांचे, निम्मे त्याचे. फळ धरल्यावर भाव दुप्पट होतो म्हणून फुलावरच सौदा केला. होळीच्या आधल्या आठवड्यात गारा पडल्या.

"झाडं पांढरी फटक होती गं. तू पाहायला हवी होतीस."

आठ महिन्यांनी रिटायर होणारा माणूस. फुले पाहून आला.

१४ मार्च

रजा टाकून ह्यांना घेऊन काटोलच्या बसने गेले. बघायचेच होते.

झाडे उभी आहेत. फूल नाही. खाली तपकिरी चिखल. सालींना गारांचे व्रण, कोणी चाबकाने झोडल्यासारखे. बागवान म्हातारा खाटेवरून उठला नाही. "मी सांगतलं होतं बाई ह्याहीले. बोराएवढं फळ होऊ द्या, मंग बोला. हे म्हनत, नाई, आजच चिठ्ठी करा. गुणवंता मांगं हासून राहिला होता."

का हसत होता, ते ह्यांना आजही कळलेले नाही. ह्यांनी आपल्या निम्म्याचे पूर्ण पैसे भरले होते. गुणवंताच्या भागाचे म्हाताऱ्याला अजून यायचे आहेत, आणि तेही गुणवंता ह्यांच्याकडूनच काढतो आहे. सौद्याच्या चिठ्ठीवर नाव एकट्या ह्यांचे.

परतीच्या बसमध्ये ह्यांना झोप लागली. डोके माझ्या खांद्यावर पडले. कोपराने ढकलले. खिडकीच्या गजावर आपटले. बाया बघत होत्या. बघू देत.

१६ मार्च

माझ्या प्रॉव्हिडंट फंडातून उचल घ्यायची म्हणून शाळेच्या ऑफिसात गेले. कारकुनाने फाइल वळवून दाखवली. "बाई, जानेवारीत उचलला ना तुम्ही. ही सही तुमचीच की."

माझीच. खोटी नाही. फॉर्म भरायचा मला कंटाळा, ह्यांचा हात त्यात बसलेला. दहा वर्षे मी कोऱ्या फॉर्मांवर सह्या करून ह्यांच्याकडे देत आले. मुलींना शिकवते, वाचल्याशिवाय कशाखाली नाव लिहू नका.

पोलिसांत जाणार होते. काय सांगू?

घरी येऊन ह्यांचा दौतीचा स्टँड, पेने, टाक, शिक्के, सगळे वरवंट्याने फोडले. हे दारात उभे राहून बघत होते. शाई अजून फरशीतून निघत नाही.

१७ मार्च, रविवार

गुणवंता आला. एकटाच. पैसे नाहीत म्हटले. बागवानाने काय सांगितले तेही ऐकवले. त्याने मला थोबाडीत मारली.

मला. वडिलांनी कधी हात लावला नाही. कान अजून वाजतो आहे.

हे तीन हातांवर उभे होते. हलले नाहीत. तोंड उघडे, दाताची जागा दिसत होती.

गुणवंता ह्यांना म्हणाला, "तू काहून पाहून राहिला गा? तुयी हाय ना ती?" आणि निघून गेला. फाटक उघडेच टाकून.

नंतर ह्यांनी ओला टॉवेल आणून दिला. तो तोंडावर फेकला.

१९ मार्च

सुभद्रेला सांगितले. मधल्या सुट्टीत, स्टाफरूमबाहेर. उभ्यानेच. वाकडेतिकडे काही नाही, चार वाक्ये.

तिच्या हातात घंटेचा हातोडा होता. तो स्टाफरूमच्या काचेवर फेकला. मुली धावत आल्या. मी त्यांना वर्गात घालवले.

संध्याकाळी भिशीच्या सात जणी घरी आल्या. मागून सुभद्रा. "कुठाय तो?" शिवणाच्या बाईंनी विचारले. हे आतल्या खोलीत कडी लावून बसले होते.

कडी बाहेरून पट्टीने निघते. मी काढून दिली.

चपलांनी मारले. कुलकर्णीबाईंनी, ज्या वर्गात डास मारत नाहीत, त्यांनी छत्रीच्या मुठीने. मी चौकटीत उभी. मोजत नव्हते. थांबवलेही नाही. हे एकदाच माझ्याकडे बघून म्हणाले, "अगं..."

सुभद्रेने हात लावला नाही. भिंतीला टेकून बसली. "झोडून काय होते वं बायांनो? झाड हाय काय हे, पैसे पडाले?"

सगळ्या थांबल्या. एकीने आपली चप्पल शोधली, सापडेना. ह्यांनीच पलंगाखालून काढून दिली.

२२ मार्च

सुभद्रा शाळेत पडली. तिसऱ्या तासाची घंटा झालीच नाही म्हणून बाहेर आले. व्हरांड्यात रक्त, लुगडे भिजलेले. रिक्षात घालून धंतोली. वाटेत माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी फुटून रुतली.

"बाई, मरतो काय मी?"

गप्प बस, म्हटले. तीच एक सवय.

डॉक्टर म्हणाले, पंचवीसपर्यंत थांबता येणार नाही. उद्या दुपारी. रक्ताच्या बाटल्या, औषधे. अर्धे पैसे आधी भरा. मागून आलेल्या शाळेतल्या बायांनी पर्स झटकल्या. दीडशे झाले.

घरी आले तर हे नाहीत. जेवणही केलेले नाही.

२३ मार्च

सकाळपासून दवाखान्याच्या बाकावर. बारा वाजले. नर्स दोनदा येऊन गेली.

साडेबाराला हे आले. पायी. हातात रुमालाची गाठ. माझ्या मांडीवर ठेवली. आत नोटा, चुरगळलेल्या, काही ओलसर. सहाशेवर असतील.

उजव्या बाहीवर मनगटापासून कोपरापर्यंत रक्त. हात ओढून बघितला. पालथा, उताणा. दंडावर जुने वळ, ते माझे. जखम कुठेच नाही.

"कुठून आणले?"

त्यांनी बाही खाली ओढली.

"कुणाचे आहे हे?"

हे भिंतीवरचा कुटुंब नियोजनाचा तक्ता वाचत राहिले.

तिसऱ्यांदा विचारणार तेवढ्यात नर्स आली. "बाई, पैसे? टेबल तयार आहे."

मी दिले.

२४ मार्च, पाडवा

सुभद्रा शुद्धीवर आली. गाठ नारळाएवढी होती म्हणे. पाणी मागते आहे, देत नाहीत अजून.

दहाला घरी आले. गुढी उभारली नाही. ह्यांचा सदरा गार पाण्यात भिजत घातला होता, पाणी दोनदा बदलले. तिसऱ्यांदा बदलताना माझ्या लक्षात आले, मी काय धुते आहे. धुतच राहिले.

हे ओट्यावर बसले आहेत. दाढी केली आहे. चहा दिला, प्याले. "गुणवंताकडे गेला होता?" विचारले. "बशी कुठे आहे?" म्हणाले.

हे लिहीत असताना फाटकाची कडी वाजली. दोन माणसांचे आवाज, ओळखीचे नाहीत. ह्यांचे नाव विचारताहेत, मधेच गुणवंताचेही घेताहेत.

हे उठले नाहीत. माझ्याकडे बघताहेत.

मी उठते. काय सांगायचे ते अजून—