यंदा रक्त तपासलं नाही

रोहानी,

तू इकडे मलेशियात, जोहोरला घरकामाला यायचं नाहीस. का ते ऐक.

दरवर्षी परमिट वाढवायच्या आधी मालकीण मला दवाखान्यात रक्त तपासायला नेते. यंदा नेलंच नाही. परमिटची मुदत रोज्यांच्या आधीच संपली. विचारलं तर म्हणते, "परमिटचं काम चालू आहे गं ताई. पासपोर्ट माझ्याकडे आहे ना? बाहेर तेवढी जाऊ नकोस, पोलीस धरतील."

इतकी वर्षं 'ए, बहिरी झालीस का' म्हणून ओरडायची. आता ताई! काल तिनं फाटकाला कुलूप घातलं आणि हा कागद दिला. "धाकट्या बहिणीला बोलावून घे, तुला सोबत होईल. पत्र मी टाकते पोस्टात."

तिला वाचता येतं, म्हणून हे तिच्या हातात देणार नाही. 'ये' असंही मी लिहिणार नाही. पण आपल्या घरचा पत्ता तिच्याकडे आहे; माझ्या नावानं 'ये' असं पत्र आलं, तर ते माझं नसेल.

तुझी,
सुमियाती