अकरा सेकंदांचा श्वास

प्रिय राक्षसा,

पोस्टरवर तुला हेच म्हणतात, म्हणून आज मीही म्हणते. तुमच्या बँडची मला कधी लाज वाटली नाही, हे आधी सांगते. शाळेच्या हॉलमधल्या पहिल्याच कार्यक्रमात तू तोंडातून रक्त ओकलास आणि मुख्याध्यापक उठून गेले, ते रक्त मीच केलं होतं. साखरेचा पाक, लाल रंग, चिमूटभर कोको. पुढे तुमच्यावर बंदी आली, मोर्चे निघाले, शेजारणीने आईशी बोलणं टाकलं. मग स्टेडियमं भरायला लागली. तरी दर दौऱ्याआधी ही तुझी ताईच पातेलंभर रक्त आटवत होती, आणि स्टेजवरच्या तुझ्या शवपेटीचं अस्तरही तिनेच शिवलं. बाबा म्हणायचे, सगळं खोटं आहे ना, मग कुणाचं काय बिघडलं?

परवा तुमची नवी रेकॉर्ड आली. पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला दोन घरघरते श्वास, क्षणभर शांतता, मग बारीक शिट्टी वाजवत तिसरा. मी तिथेच बंद केली. बाबांचे श्वास होते ते. बाबांच्या शेवटच्या दुपारी तू त्यांच्या तोंडाशी मोबाइल धरून बसला होतास. मला वाटलं, काहीतरी ऐकवतोयस. नर्स तुला उठवायला आली तर मीच तिला म्हटलं, बसू दे, लेक आहे त्यांचा. मूर्ख बाई मी. कार्यक्रमाचा व्हिडिओही पाहिला. तिसऱ्या श्वासाला तू पेटीतून उठतोस आणि लोक शिट्ट्या मारतात. माझ्याच अस्तरावरून उठतोस. शिसारी येते रे तुझी. तुला स्वतःची कशी येत नाही? यापुढे माझ्याकडून थेंबभर रक्त मिळणार नाही.

पण हे पत्र भांडायला लिहिलेलं नाही. रेकॉर्ड मी कपाटात दडवली होती, आईने शोधून लावली. बेचाळीस वर्षं त्या श्वासाशेजारी झोपलेली बाई ती, तिला कुणी सांगायला लागतंय? रडली नाही. आता रोज दुपारी लावते, ड्रम सुरू झाले की बंद करते आणि पुन्हा पहिल्यापासून लावते. अकरा सेकंद. काल म्हणाली, त्याच्याकडे अख्खं रेकॉर्डिंग असेल, विचार ना. तुला काही मागायची माझी अजिबात इच्छा नाही. तरी मागतेय. ड्रम नकोत, काही कापू नकोस, जेवढं असेल तेवढं पाठव. आणि पुसून टाकलं असशील, तर तिच्यासमोर येऊन तूच सांग. मी सांगणार नाही.

तुझीच, अजून तरी,
ताई