मासे न पकडलेली होडी परत मिळणेबाबत

दि. २८ जुलै २०२५

प्रति,
मा. शाखा अभियंता,
वडजाई तलाव पाटबंधारे शाखा,
ता. शेवगाव, जि. अहिल्यानगर

विषय : जप्त केलेली शर्यतीची होडी ३ ऑगस्टच्या निवड चाचणीपूर्वी परत मिळणेबाबत.
संदर्भ : जप्ती पंचनामा दि. ९ जुलै, माझे अर्ज दि. ११, १६ व २१ जुलै.

महोदय,

माझी धाकटी बहीण उझ्मा ही कनू या अरुंद होडीच्या २०० मीटर शर्यतीचा सराव करते. तलावावर सरावाची परवानगी आपल्याच शाखेने मार्चमध्ये दिली आहे. ३ ऑगस्टला राज्य संघाची निवड चाचणी आहे. होडी स्वतःची आणावी लागते. पुढील वर्षी उझ्मा कनिष्ठ गटात बसत नाही.

२. अंतर कळावे म्हणून मी दोनशे मीटर दोरीला दर दहा मीटरवर रिकामी बाटली बांधून ती पाण्यावर सोडली होती. आपल्याकडे मच्छीमार जाळ्यालाही अशाच बाटल्या बांधतात, हे माझ्या लक्षात यायला हवे होते. ती चूक माझी. चौकीदार श्रीमंत यांनी "बाटल्या हायती म्हंजे खाली जाळं हायच" असे म्हणून बंदीच्या काळातील मासेमारीबद्दल होडी, वल्हे, दोरी व वही जप्त केली. दोरी ओढली तेव्हा खाली काहीच नव्हते. त्यावर "जाळे कापून सोडले" अशी नोंद झाली.

३. वहीत हंगेरीच्या एका जगज्जेत्या महिला कनूपटूच्या कारकिर्दीचा तक्ता आहे. तिच्या शर्यतींच्या चित्रफिती थांबवून थांबवून मी मिनिटाला वल्ह्याचे किती फटके पडतात ते मोजले : सतराव्या वर्षी ५८, खांद्याच्या दुखापतीने दोन मोसम गेल्यावर ५२, आणि सुवर्णपदकाच्या शर्यतीत ६८. पंचनाम्यात हे आकडे "एकूण मासे १७८ किलो" असे उतरले असून त्या बाईंचे नाव फरार साथीदार म्हणून आले आहे. होडी सोळा किलोची आहे. तीत एक गुडघा टेकून एकाच बाजूने वल्हवतात. जरा तोल गेला तरी ती उलटते. १७८ किलो मासे तीत राहत नाहीत, हे मी आपल्यासमोर पाण्यात करून दाखवीन.

४. पकडलेल्या माशांबाबत मच्छीमार सोसायटीचा दाखला आणा, असे आपण सांगितले. चेअरमन गहिनीनाथ म्हणाले, "पोरी, एक तरी मासा दाव, लगेच दाखला देतो. मासाच न्हाई तर लिहू काय?" मत्स्य कार्यालय म्हणते, मासे नसतील तर प्रकरण आमचे नाही.

५. एकोणीस दिवस उझ्मा अंगणात पोत्यावर गुडघा टेकून खोऱ्याच्या दांड्याने हवेत वल्हवत आहे. हवेची घनता पाण्याच्या सुमारे आठशेवा भाग असते. याला सराव म्हणता येत नाही. हे मी तिला अद्याप सांगितलेले नाही.

६. गुन्हा कबूल केल्यास होडी त्याच दिवशी सुटते, असे आपल्या लिपिकांकडून समजले. तरी मी कबूल करण्यास तयार आहे. मी कोणत्या जातीचे मासे पकडले व ते कोणाला दिले, एवढे कृपया कळवावे. उझ्माचे नाव मात्र त्यात येऊ नये. तिला चाचणीला उतरायचे आहे.

उत्तर मिळेपर्यंत आपल्या कार्यालयाच्या व्हरांड्यातच बसलेली,
आपली नम्र,
मुबश्शिरा पीरमहंमद शेख
(बी.एस्सी., भौतिकशास्त्र)

सोबत : १) मार्चमधील परवानगीची प्रत
२) निवड चाचणीचे पत्र
३) कबुलीजबाब, कोरा, सही केलेला