चंद्री दिली, चौसष्ट कोर आणले

३ मार्च, सकाळी
हे जे कोण वाचत असंल त्यानं आधी उठून गॅस बंद केलाय का बघून यावं. केला न्हाय ना? वाटलंच. जा. मी थांबते.
आलीस? आता लिही. ही रोजनिशी धोंडुबाईची, वय अठ्ठ्याहत्तर, मुक्काम कोल्हापूर. मला अक्षर येत न्हाय, म्हणून सून संयोगिता लिहिणार आणि संध्याकाळी मलाच वाचून दाखवणार. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय. घरात सगळी म्हणतात म्हातारी विसरते. म्हणून पुरावा ठेवायचा. संयोगिताचं अक्षर गोल हाय म्हणे. भाकरी तर येत न्हाय गोल, अक्षर तरी येऊ दे.
हेबी लिही. थांबू नकोस.

५ मार्च
नातू ऋतुराज बेंगळुरूला जायचं म्हणतोय. शिरोलीच्या फौंड्र्यांचं काम करतोय तो. तापलेलं लोखंड साच्यात ओतलं तर भोक कुठं पडंल, ते ओतायच्या आधी कॉम्प्युटरवर बघून सांगतो. पण त्याचा लॅपटॉप एका साच्याला दोन दिवस घेतोय. बेंगळुरूच्या कंपनीत मोठी मशीनं हायत, एक जूनला हजर व्हा म्हणतायत. घरातच चांगलं मशीन आलं तर जाणार न्हाय, असं त्यानं कबूल केलंय.
मग काय. मशीन मी घेऊन देणार. आमची शेवटची म्हैस, चंद्री, गाभण हाय, ती विकायची, कमी पडंल ते माझ्या पोस्टातनं काढायचं. माझा ल्योक अमरसिंह म्हणाला, आई, मग तू करणार काय दिवसभर? मी म्हटलं, घर चालवणार. उठून बाहेर गेला. पटलं असणार.
एकच अट. प्रोसेसर मी निवडणार.

७ मार्च
प्रोसेसर म्हंजे काय ते ऋतुराजनं अर्धा तास सांगितलं. मला दोन मिंटात कळलेलं, पण पोराला वाईट वाटू नये म्हणून ऐकून घेतलं. मशीनचं डोकं ते. त्यात दोन जाती. एक सर्व्हरची. तिच्यात चौसष्ट कोर, कोर म्हंजे राबणारी माणसं धर, पण संथ. दुसरी वर्कस्टेशनची. माणसं सोळाच, पण चपळ.
पन्नास वर्षं वडगावच्या बाजारात म्हशी पारखल्यात मी. एकच फसली, ती आमच्या ह्यांनी निवडलेली. मी शेजारी उभी राहून नुसती व्हय म्हटलं होतं.

११ मार्च
चंद्री गेली. गाडीत चढताना तिनं मागं वळून बघितलं न्हाय. शहाणी. संयोगिता डोळं पुसत होती. म्हटलं, बाई, कांदा आत हाय, इथं कशाला रडत्येस?

१५ मार्च, दुपारी
शाहूपुरीत कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो, मी आणि ऋतुराज. विचारलं, पावणं, ह्यो खातोय किती? त्यानं वॅट सांगितले. चौसष्टवाला सोळावाल्याच्या दुप्पट खातोय. म्हटलं, उत्तम, खाणारी म्हैसच दूध देती. तापतोय का? लई तापतोय म्हणाला, मोठं पंखं लागतात. म्हटलं, तापू दे की.
दुकानदार म्हणाला, आज्जी, ह्यांना सोळावालाच बरा. ऋतुराजबी तेच म्हणाला. आज्जी, माझ्या सॉफ्टवेअरचं लायसन आठ कोरांचं हाय, नववा कोर ते वापरतच न्हाय, मग आठ चपळ असलेले बरे की. मी म्हटलं, आठ आजारी पडले तर? मग दुकानदारानं हसत हसत चौसष्टवाल्याची ऑर्डर लिहिली. माझ्या पारखीवर खूश झाला.
खरं कारण इथंच लिही, कुणाला सांगू नको. सोळावालं मशीन पोरगं काखेत मारून बेंगळुरूला जाईल. चौसष्टवालं उचलायला दोन माणसं लागतात.

२ एप्रिल
मशीन आलं. दोन माणसांनी उचललं, एकाची पाठ धरली. चालू केलं. कबनूरला माझ्या बहिणीच्या घरात चार लूम, कापडाचे माग, चालतात, तसा आवाज. घर कसं भरल्यागत वाटतंय. शेजारचीबी दार वाजवून गेली. कौतुकानं आली असतील.

५ एप्रिल
एका साच्याला दोन दिवस, त्यातनं दोन तास कमी. ऋतुराजचं तोंड पडलं. म्हणाला, आज्जी, आठ राबतायत, छप्पन्न जण बसून हायत. मी म्हटलं, कुठल्या घरात वेगळं असतंय? आणि संयोगिताकडं बघितलं.
लिहिलंस ना? दाखव. बरं, मला कुठं कळतंय, पण दाखव.

१४ एप्रिल
वर्षाची चटणी केली. मी खुर्चीत बसून केली, हात तेवढे संयोगितानं हालवले. मीठ कमी घाल म्हटलं, तर जास्त घातलं. दोन मोठ्या बरण्या भरल्या. माझ्याशिवाय ह्या घरात चटणीसुद्धा होणार न्हाय.

२२ एप्रिल
उन्हानं मशीन धापा टाकतंय, मधनंच बंद पडतंय. एसी पाहिजे म्हणे. घरात थंड खोली एकच, उत्तरंची, माझी. कुणी मागायच्या आधी मीच म्हटलं, घे की. अमरसिंह म्हणाला, आई, थोडं दिवसच. तेवढ्यात एसीवाला शिडी घेऊन दारात. वेळेवर आला बिचारा.
अठ्ठ्याहत्तर वर्षांत माझा पंखा कुणी पुसला न्हाय, मशीनला वीस दिवसांत एसी. पण मशीन निवडलंय कुणी? म्हंजे मान माझाच.

६ मे
हॉलमधल्या कॉटवर असते. फौंड्रीची माणसं येतात, मी दिसले की बूट काढावे का न्हाय ते त्यांना कळत न्हाय. संयोगिता घाबरत घाबरत म्हणाली, आत्ती, शालूवन्संकडं मलकापूरला जाऊन या की आठ दिवस, घाटाजवळ हवा थंड हाय. म्हटलं, आठच. नववा दिवस न्हाय. माझ्यामागं घर बसंल. तिनं बॅग आधीच भरून ठेवली होती. माझ्या हाताखाली राहून हुशार झाली.
चटणीची लहान डबी घे म्हटलं. आठ दिवसांना बास.

१० मे, मलकापूर
आता माझी लेक शालू लिहितीय. हिचं अक्षर कसं हाय कुणास ठाऊक. लिहिताना जीभ बाहेर काढती, म्हंजे बरं नसणार.

२० मे
आठ दिवस कधीच झाले. अमरसिंहला फोन केला. गाडी बिघडलीय, गॅरेजला लावलीय म्हणतोय. शालू म्हणाली, आई, परवा त्याच गाडीतनं ती सगळी जोतिबाला गेलती. मी म्हटलं, म्हणूनच बिघडली.

२ जून
जिंकलो! ऋतुराज बेंगळुरूला गेला न्हाय. आज्जी, तुझ्यामुळं हितं राहिलो म्हणाला फोनवर. चौसष्टवालं कबनूरच्या कुणीतरी नेलं, त्याच्या बदल्यात सोळावालं आणलंय. दोन दिवसांचं काम एका दिवसात. आवाज न्हाय. टेबलाखाली मावतंय. एसीसुद्धा लागत न्हाय. मी पहिल्यापासनं हेच सांगत होते, लहान घे.
शालू, लिही. माझ्याकडं बघू नको.
म्हंजे माझी खोली मोकळी. बॅग भरून दाराशी ठेवलीय.

९ जून
संयोगिताला फोन. कधी येऊ? म्हणाली, आत्ती, खोलीला रंग दिलाय, वास मारतोय. कॉट कुठं हाय? म्हणाली, दिली, आता तिथं सोफा हाय. माझ्यासाठीच घेतला असणार, गुडघ्यांना बरा. शालू विचारत होती, फौंड्रीची माणसं कुठं बसतात मग? हिला पहिल्यापासनं खोचक बोलायची सवय. कुणाकडनं आली कळत न्हाय.

१८ जून, दुपारी
एसटीनं खोका आला. बरोबर कोण न्हाय. शालूनं उघडला. तीन महिन्यांची औषधं. माझं आधारकार्ड. देवाचे टाक, फडक्यात गुंडाळून. तळाला स्वेटर.
जूनमध्ये स्वेटर. शालूला म्हटलं, लिही, संयोगिता विसरभोळी, तिला ऋतूसुद्धा कळत न्हायत. शालूनं पेन खाली ठेवलं.
मग मीच म्हटलं, खोड ते. बॅगेतली लुगडी काढून कपाटात लाव.
आणि ह्या पानाचा फोटो काढून तिला टाक. संयोगिता, चटणी संपली. पुन्हा डबी पाठवू नको. बरणी पाठव, भरून. वर्षाची.