अंजिराची उलटी काडी

प्रिय मास्तर,

तुम्ही तीन रविवार रोपवाटिकेकडे फिरकला नाहीत, त्यामुळे तुमच्या वाटचा चहा वहिनी माझ्या गळ्यात मारते. तुम्ही दुरुस्त केलेला नळ पुन्हा गळतोय, आता जरा जास्तच. वहिनीनेच बातमी आणली, की लांबच्या शाळेत तुम्हाला नोकरी मिळतेय आणि सोमवारी होकार कळवायचाय. अभिनंदन करायला हवं. पण पेन अडतंय.

तोवर एक गंमत ऐका. प्लास्टिकच्या दमट तंबूत अंजिराच्या काड्या लावल्या होत्या. काल तो ट्रे बघितला, तर मुळं वर! मातीत नाहीतच, हवेत, काडीच्या टोकाला पांढरी दाढी फुटावी तशी. झाडून सगळ्या काड्या उलट्या खोचलेल्या. वहिनी हसून हसून खालीच बसली. आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात, वरचा काप तिरका, खालचा सरळ, आणि कोंबाचे डोळे वर बघणारे. शिकवते कोण, तर मी.

मग तुमचं बोलणं आठवलं. वाढीचं संजीवक शेंड्यात तयार होतं आणि पेशी ते हातोहात खाली देत जातात, कारण प्रत्येकीचं ते बाहेर सोडायचं दार बुडाच्या बाजूला. काडी डोक्यावर उभी केली तरी दारं जिथल्या तिथेच. म्हणून संजीवक बुडाशीच साचतं आणि मुळं तिथेच फुटतात, मग ते बूड आभाळाकडे का असेना. मी काडीला हट्टी म्हणाले होते, तेव्हा तुम्ही माझ्याकडे बघून हसलात. मला राग आला होता. काल मात्र ते आठवून मी स्वतःशीच हसत होते.

काड्या सुलट लावल्यात, जगतील. वहिनी सारखी विचारतेय, हा प्रताप कुणाचा? तिला सांगितलं नाही, तुम्हाला सांगते. माझाच. तुम्ही शेवटचे आलात, त्या रविवारी हातातला कप नीट खाली ठेवून मला लग्नाचं विचारलंत. मी मान वर न करता 'बघू' म्हणाले आणि काड्या खोचत राहिले. तुम्हाला वाटलं, बाई ढिम्म आहे. मास्तर, वीस वर्षांत माझी एक काडी उलटी गेली नव्हती. त्या दिवशी अख्खा ट्रे गेला. मला तुम्ही हवे आहात. एक काडी तशीच उलटी ठेवलीये, विश्वास बसला नाही तर बघायला. सोमवारच्या आधी रविवार येतो. या.

तुमचीच (हे पहिल्यांदाच लिहितेय),
मालकीणबाई