नदीअलीकडचा सरडा

ती. ताईस,

धाकटीचा नमस्कार. तुझं पित्त कसं आहे? भावोजींचा खोकला? (खोकल्याबद्दल सविस्तर लिही. इथे खोकणारंही कोणी नाही.) मी मजेत.

परवा तू विचारलंस, या जंगलात तू नेमकं करतेस काय, आणि फोन तुटला. तर मी सरडे बघते. खोडाला चिकटून बसणारा, करड्या अंगाचा, नारिंगी गळ्याचा एक सरडा आहे. तो स्वतंत्र जातीचा, की नेहमीच्याच सरड्याचा रंग चढलेला भाऊबंद, हे मला ठरवायचंय. त्याच्या हनुवटीखालचे खवले मी भिंगातून पाहिले (तेव्हा तो माझी करंगळी चावला, इतक्यात मला कोणी स्पर्श केला असेल तर त्यानेच) आणि खात्री पटली, हा वेगळा आहे. मग तो कुठे कुठे राहतो याचा नकाशा काढला. दिसला तिथे लाल ठिपका. ठिपके नदीपर्यंत छान रांगेत आले आणि तिथे एकदम बंद. मला वाटलं, शोध लागला, नदी हीच त्याची हद्द. मोठ्या ऐटीत नकाशा विभागप्रमुखांना पाठवला.

साहेब सभ्य माणूस. फोनवर आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाले, "बाई, तुमची खोली कुठे? पाण्याचा नळ कुठे? हा सरड्याचा नकाशा नाही. तुमच्या फिरण्याचा आहे."

मी पुन्हा पाहिलं. खोली ते नळ, नळ ते काठावरचा दगड, जिथे मी संध्याकाळी बसते. (दगडाजवळ ठिपक्यांची दाटी. इथली लोकवस्ती म्हणायची ती तेवढीच.) पलीकडे मी गेलेच नव्हते. एकट्याने नदी ओलांडायची नाही असा नियम आहे, आणि सोबतची सहकारी बदली घेऊन शहरात गेली ती गेलीच. आता पलीकडचं पाहून झालं नाही, तर साहेब माझ्या सरड्याला नेहमीच्या जातीत ढकलून मोकळे होणार.

बाकी सगळं ठीक. काळजी करू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. नियमात सोबतीला 'कोणीही सज्ञान व्यक्ती' एवढंच म्हटलंय. तू सज्ञान आहेस. शिवाय घरात पाल कुठेही असो, सगळ्यांआधी तुला दिसते आणि तू किंचाळतेस. आमच्या खात्यात इतकी तयार नजर कुणाची नाही. नदीला गुडघाभरच पाणी आहे.

आणखी एक ता. क. पलीकडे सरडा नाही दिसला तरी चालेल. खोलीत कप एकच होता. दुसरा मी कालच मागवलाय, 'शास्त्रीय उपकरणे' या सदरात.