अपोलोची दाढी

१२ मे
तरी मी म्हणतच होतो, लाम्ब्रोसकाकांना माणसाची पारख नाही. चाळीस वर्षं गावात कॉफी उकळून कुणाला अक्कल येते का? आज फोनवर पुन्हा तेच. म्हणे, स्टेर्या, माझी पोर असिमिना मागतोस, पण तिकडे करतोस काय? मी म्हटलं, देव घडवतो. म्हणे, देव मेस्त्री घडवतो, तू त्यांची बुडं घासतोस. पंधरा ऑगस्टला, मारियामातेच्या जत्रेला, कुणीतरी होऊन ये, मग बोलू. नाहीतर आर्गिरी आहेच.
आर्गिरी! बस ड्रायव्हर!
बुडं घासतो हे खरं. पण पर्यटकांसाठी ऱ्होड्स बेटावरच्या एकूण एक दुकानात जाणाऱ्या पुतळ्यांची बुडं.

१९ मे
ठरलं. सिगारेट बंद, रोज वीस जोर. आपल्या देशात पुढे यायचं तर देवांनाच धरावं लागतं. जुने झाले तरी दुकानांच्या पाट्यांवर अजून कामावर आहेत बिचारे. कोपऱ्यावरचे तळलेले मासे पोसायडनचे, ब्युटी पार्लर अ‍ॅफ्रोडाइटीचं, कपाटं उचलायला हरक्यूलिस. पूजा कुणी करत नाही, पोट मात्र सगळ्यांचं त्यांच्यावर.
जोर चार. सिगारेटी नऊ, पण दोन अर्ध्याच.

२ जून
मोठी बातमी!! मेस्त्रींना नवा नमुना करायचाय आणि अख्ख्या कारखान्यातून त्यांनी माझा चेहरा निवडला. हनुवटी धरून उजेडात फिरवली आणि म्हणाले, अगदी हाच. वर वीस युरो रोख. कुठला देव ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. तरुण, देखणा, कुरळे केस म्हणजे अपोलोच. डेस्पिनामावशी (पुतळ्यांचे डोळे रंगवते) तोंडाला पदर लावावा तसा ब्रश लावून हसत होती. जळतात लोक.
आईला लगेच फोन. म्हटलं, गावभर सांग.

५ जून
मेस्त्री म्हणतात, दाढी वाढव. अपोलोला दाढी नव्हती असं शाळेत ऐकल्यासारखं वाटतं. पण मी सहावीत शाळा सोडली. दाढी पुढच्या इयत्तेत आली असेल.

९ जून
मेस्त्रींसमोर बसलो. म्हणाले, हास. अजून. दात दिसू देत. जीभ जरा बाहेर काढ. मग वाइन पाजली आणि म्हणाले, डोळे आता आहेत तसेच राहू देत. मातीत माझ्या कानांना टोकं काढली. का म्हटलं तर म्हणे, स्टाइल आहे. मेस्त्रींचा हात मोठा, आपण बोलू नये.
मावशीला म्हटलं, पायही माझेच घ्या ना. जोर मारून कमावलेत. म्हणाली, नको रे राजा, पाय दुसऱ्याचे घेतलेत. आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.
जोर तसे हाताला असतात, हे नंतर लक्षात आलं.

२४ जून
असिमिनाचा फोन! आपणहून! खरंच अपोलो का रे, म्हणाली. मी म्हटलं, नखशिखांत. म्हणाली, पुतळा खिडकीत ठेवीन, बाबांना पंधरापर्यंत कशीबशी थांबवते, पण तू ये हं, नुसत्या गप्पा नकोत.
तिकिटाचे पैसे आजपासून बाजूला. नवा शर्टही.

७ जुलै
माल साच्यातून निघाला.
चेहरा माझाच. गालावरचा तीळसुद्धा. कमरेखाली बकरा. शेपूट आहे. पुढे जे आहे ते वहीत लिहिण्यासारखं नाही, त्यात बाटलीचं झाकण अडकवून ओढायचं. ओपनर आहे मी. सॅटर म्हणे. पुराणात दारू पिऊन रानात बायकांमागे पळायचा.
मेस्त्रींना म्हटलं, अपोलो? म्हणाले, अपोलोने बिअर उघडते का?
शांतपणे विचार केला. सॅटरही देवांच्याच मंडळीत. मागच्या रांगेत, पण आहे. शिवाय ऱ्होड्सचा माल ऱ्होड्सलाच संपतो. गाव कुठल्या कुठे राहिलं.

२० जुलै
कलंबाक्याला पोचलो, ओपनर होऊन. आमच्या गावाखालच्या बाजारात. आर्गिरीनेच एक पाहिला, घेतला आणि बसमधून गावात नेला. लाम्ब्रोसकाकांनी तो गल्ल्याशेजारी दोरीला टांगलाय. गिऱ्हाइकं ओरडतात, लाम्ब्रोस, जरा स्टेर्याला इकडे पाठव!
आई म्हणाली, खालचा भाग हाताने झाकून बघितला रे. तूच आहेस.
असिमिना फोन उचलत नाही. रेंज नसणार.
उपाय सापडला. आईला म्हटलं, कलंबाक्याच्या दुकानातले सगळे तूच विकत घे. डोळ्यांसमोरून गेले की पंधरापर्यंत लोक विसरतात. तिकिटाचे पैसे पाठवून दिले. तिकिटाचं बघू पुढे.

२ ऑगस्ट
आईने सगळे उचलले, कोंबड्यांच्या खुराड्यात लपवले. पण दुकानदार खूश झाला. असा माल जन्मात खपला नाही म्हणाला आणि आणखी तीन खोकी मागवली. ऑर्डर आमच्याकडेच आली. साचे मीच भरतोय, बुडंही मीच घासतोय. मेस्त्री म्हणाले, बघ, तुझ्या मुलखात तुला केवढी मागणी! खोटं कसं म्हणू?
कामाच्या गर्दीमुळे पंधराची सुट्टी रद्द. तिकीट नव्हतंच, म्हणून मोठ्या मनाने हो म्हटलं.

१६ ऑगस्ट
आईचा फोन. काल जत्रेत असिमिनाचा साखरपुडा झाला. आर्गिरीशी. त्याने एक खोकं आणलं होतं, टेबलागणिक एक मी. पहिली बाटली त्याने माझ्यानेच उघडली. सगळे हसले. मी विचारलं, असिमिना? आई म्हणाली, तीही. मी विचारलं, कशी हसली? आई म्हणाली, सगळ्यांसारखी.
एका अर्थी बरंच झालं. त्यांच्या घरात बाटली उघडली की मी. विसरेल कशी?
आई म्हणते, मला रोज लाम्ब्रोसच्या दारावरून जायचंय, आहेर तरी पाठव. पाठवतोय. वीस युरो.